अमेरिकेत हायस्कूलच्या खेळांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्य संघटना नक्की कोणाला उत्तरदायी असतात?

कागदावर सदस्य शाळांना. पालकांना तर मुळीच नाही, आणि हे दुधाने तोंड पोळलेला माणूस सांगतोय.

मुलगी क्रॉस-कंट्री धावायची. तिची नववी संपली तेव्हा आम्ही शेजारच्या शाळा-डिस्ट्रिक्टमध्ये घर घेतलं, शाळा बदलली. जुन्या अपार्टमेंटचा करार ऑक्टोबरअखेरपर्यंत होता. बायकोचं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर, म्हणून आठवड्यातल्या दोन रात्री ती तिकडेच राहायची. बदलीच्या फॉर्मवर जुन्या शाळेच्या अॅथलेटिक डायरेक्टरने, म्हणजे क्रीडाप्रमुखाने, 'खेळासाठी बदली' या चौकटीत खूण केली. मग संघटनेचं पत्र: कुटुंबाने पूर्ण स्थलांतर केलेलं नाही, सबब वर्षभर व्हर्सिटीसाठी, म्हणजे शाळेच्या मुख्य संघासाठी, अपात्र.

अपील केलं. व्हिडिओ कॉलवर तीन मुख्याध्यापक, तिघेही आमच्याशी स्पर्धा करणाऱ्या शाळांचे. मी विजेची बिलं, घराची कागदपत्रं लावून बसलो होतो. एकाने एवढंच विचारलं, "जुन्या घरात पलंग आहे का?" आहे म्हणालो. खोटं कसं बोलणार? बारा मिनिटांत खेळ खलास. निकाल दोन ओळींचा, कारण शून्य. त्या हंगामात पोरगी दर शनिवारी टीमच्या बसने जायची आणि फिनिश लाइनपाशी क्लिपबोर्ड घेऊन दुसऱ्यांच्या वेळा लिहायची. नव्या स्पाइक्सना माती लागलीच नाही.

आता तुमचा प्रश्न. इंडियानापोलिसची हायस्कूल खेळांची राष्ट्रीय फेडरेशन खेळाचे नियम लिहिते, राज्य संघटनांवर तिचा हुकूम चालत नाही. बहुतेक संघटना खाजगी, ना-नफा. टेक्सासची संघटना, यूआयएल, मात्र तिथल्या सरकारी विद्यापीठाचाच भाग. टेनेसीच्या संघटनेवर एका खाजगी शाळेने केलेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी म्हटलं की तिच्या ८४ टक्के सदस्य शाळा सरकारी आहेत, तेव्हा तिला राज्यघटना लागू होते. २००७ मध्ये त्याच भांडणात शेवटी संघटनाच जिंकली. आणि इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं की तिथली संघटना माहिती-कायद्याखाली सार्वजनिक संस्था नाही. म्हणजे सरकारी शाळांची पोरं, त्यांच्याच सामन्यांच्या तिकिटांचे पैसे, पण हिशेब मागायला गेलात तर "आम्ही खाजगी". ना-नफा संस्था दरवर्षी कर खात्याला भरून देतात तो फॉर्म ९९० तेवढा बघता येतो. संचालकांचे पगार त्यात असतात, अपिलांचे निकाल नसतात.

बायको तेव्हा वकील करू म्हणत होती. मी नको म्हटलं आणि आजही तेच म्हणतो: शाळेत खेळायला मिळणं हा हक्क आहे, असं न्यायालयं सहसा मानतच नाहीत. तिचं दुसरं म्हणणं, जुना करार आधीच मोडायला हवा होता. माझं म्हणणं, नियमावलीत पलंगाचा उल्लेख कुठेच नव्हता! नियम लिहून द्या, मग माणूस पाळेल.

एक मात्र कबूल करतो. बदलीचा नियम नसेल तर मोठ्या शाळा चांगली पोरं पळवतील आणि लहान शाळांची टीमच उभी राहणार नाही. नियम हवा, पण निकालाची कारणं छापा, आणि अपील ऐकायला शाळांबाहेरचा माणूस बसवा.

तुम्ही स्वतः घर बदलणार असाल तर शाळा सुरू व्हायच्या आत जुना करार मोडून टाका. आमच्या करारात मोडण्याचा दंड एका महिन्याच्या भाड्याएवढा होता.