परसबागेची प्रश्नोत्तरे : कोणते फळझाड लावावे?

प्रश्न : घरामागे 6 मीटर लांब, 5 मीटर रुंद मोकळी जागा आहे. हिवाळ्यातही रात्री पारा 14-15 अंशांच्या खाली उतरत नाही. सफरचंद, आंबा, पेरू, लिंबू आणि सीताफळ लावायचे मनात आहे. सगळे जमेल का?

उत्तर : यादीतून सफरचंद आधी खोडा. त्याच्या कळ्यांची झोप मोडायला 7 अंशांखालची थंडी लागते. नेहमीच्या जातींना तिचे 800 ते 1000 तास हवेत. ‘अ‍ॅना’ किंवा ‘डोर्सेट गोल्डन’चे दोन-तीनशे तासांत भागते, पण तुमच्याकडे तेवढेही मिळणार नाहीत. थंडी न मिळाल्याने झाड मरत नाही, आणि माणूस फसतो तो इथेच. पाने येतात, उंची वाढते, फुले मात्र तुरळक आणि फळ नाहीच.

उरलेल्या चारांपैकी आम्ही तीनच लावू : आंबा, पेरू, लिंबू. दोन झाडांत किमान 3 मीटर आणि भिंतीपासून दीड मीटर अंतर ठेवा. आंब्यात ‘आम्रपाली’ घ्या. ती ठेंगणी आहे आणि दरवर्षी फळते. तिची सावली इतर दोघांवर पडणार नाही असा कोपरा तिला द्या. पेरूचे गुटी कलम (फांदीला झाडावरच मुळे फुटवून केलेले रोप) घ्या. कागदी लिंबू बियांपासूनही बहुतांशी मूळ झाडासारखेच येते, पण फळासाठी थांबावे लागते.

लावण्याआधी निचरा तपासा. 45 सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, ते जिरल्यावर पुन्हा भरा आणि तासाभराने पातळी मोजा. ती अडीच सेंटिमीटरही उतरली नसेल, तर 30-40 सेंटिमीटर उंच मातीचा उंचवटा करून त्यावर झाड लावा. चिकट, ओल्या जमिनीत लिंबाला डिंक्या होतो : बुंध्याची साल कुजते आणि डिंक वाहतो. म्हणूनच कलमाचा जोड मातीपासून 15 सेंटिमीटर तरी वर हवा आणि आळ्यातले पाणी बुंध्याला लागता कामा नये. जोडाखालून फुटवा आला, तर कोवळा असतानाच खुडा. तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या खालच्या रोपाचा असतो. राहू दिला तर वरचे कलम दबते आणि काही वर्षांनी आपण भलतेच झाड पोसत असतो.

पहिली दोन वर्षे आंब्याचा मोहोर काढून टाका. जीव तुटतो, पण खोड भरते. पावसाळा सरला की मोठ्या आंब्याचे पाणी मोहोर दिसेपर्यंत तोडा. ओल कायम राहिली तर मोहोराच्या जागी पालवी येते. पेरूला फळ नव्या फुटीवर धरते, म्हणून तोडणी झाली की शेंडे तिसऱ्या हिश्शाइतके छाटा.

प्रश्न : सीताफळाला फुले भरपूर येतात, पण सगळी गळतात.

उत्तर : फूल आधी मादी अवस्थेत असते, पराग नंतर सुटतो. त्यामुळे एकाच फुलात सहसा फळ धरत नाही. परागीकरण बारीक भुंगेरे करतात. ते कमी असले तर काम हाताने करावे लागते. संध्याकाळी पाकळ्या पूर्ण पसरलेली फुले कागदी पिशवीत झटकून पराग जमवा. सकाळी ऊन चढायच्या आत अर्धवट उमललेल्या फुलांत मऊ कुंचल्याने तो सगळ्या बाजूंनी लावा. एकाच बाजूला लागला तर फळ वेडेवाकडे होते. कोरड्या, तापलेल्या हवेत हे साधत नाही. अशा दिवसांत झाडाभोवतीची जमीन ओली ठेवा.

प्रश्न : पपईच्या एकुलत्या एका झाडाला लांब दांड्यांवर फुले लोंबतात, फळ नाही. खत कमी पडते का?

उत्तर : खताचा संबंध नाही, झाड नर आहे. काढून टाका. पुढच्या वेळी एका आळ्यात तीन-चार रोपे लावा आणि फुले आल्यावर मादी किंवा उभयलिंगी असलेले एकच ठेवा. मादी ठेवलीत तर परागासाठी आसपास नर किंवा उभयलिंगी झाड लागेल. उभयलिंगी एकटे असले तरी फळते.