जीपीए २.९ आहे, डेंटलचं स्वप्न सोडायचं का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीने न्यू जर्सीत बायोलॉजीत बॅचलर्स केलंय, पहिल्या दोन वर्षांत तिच्या बाबांचं मोठं आजारपण झालं आणि ग्रेड्स घसरल्या, आता ओव्हरऑल जीपीए, म्हणजे ग्रेड्सची सरासरी, ४ पैकी २.९, सायन्सचा २.७, शेवटच्या वर्षी मात्र ३.६ काढलेत. आणि तुम्ही विचारताय याच जूनला तिकडच्या डेंटल कॉलेजांचा फॉर्म भरायचा, मास्टर्स करायचं, की सरळ पुण्याला बीडीएसला पाठवायचं.

या जूनला भरू नका. तिकडे डेंटलला ज्यांना सीट मिळते त्यांचा सरासरी जीपीए ३.५ च्या वर असतो, दहा-पंधरा कॉलेजांची फी भरायची आणि डिसेंबरमध्ये ऑफर्स निघतात तेव्हा एकही मेल आला नाही की पोरं आतून खचतात, मी पाहिलंय हे, आणि मग दुसऱ्यांदा भरायची उमेदच राहत नाही.

तुम्ही लिहिलंय की ऑरगॅनिक केमिस्ट्री परत दिली की जुना सी जाईल. नाही जात हो. एएडीएसएएस म्हणजे जो कॉमन फॉर्म असतो त्यात दोन्ही वेळच्या ग्रेड्स धरतात, कॉलेजने जुनी काढून टाकली असली तरी. त्यामुळे डी किंवा एफ असेल तेवढंच परत द्या, बाकी नवीन वरच्या लेव्हलचे सायन्स विषय घ्यायला सांगा, बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, मायक्रो, हिस्टॉलॉजी असे.

आता हिशोब बघा. १२० क्रेडिट्स २.९ ने झालेत, त्यावर ३० क्रेडिट्स सगळे ए मिळवून केले तरी ओव्हरऑल ३.१२ च होतो. पण सायन्सचे समजा ५० क्रेडिट्स असतील तर तोच २.७ चा ३.१९ होतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फॉर्म वाचणाऱ्याला सलग दोन-तीन वर्षं चढता आलेख दिसतो. हे बॅचलर्सनंतरचे अंडरग्रॅड लेव्हलचे क्रेडिट्स जुन्या जीपीएमध्येच मिसळतात, मास्टर्सचा जीपीए मात्र वेगळा दाखवतात. म्हणून माझं मत, आधी एक वर्ष पोस्ट-बॅक, म्हणजे हेच बॅचलर्सनंतरचे जादा विषय, त्यात ए येताहेत असं दिसलं तरच मास्टर्स, रटगर्सच्या नेवार्क कॅम्पसला बायोमेडिकल सायन्सेसचं आहे आणि न्यू जर्सीतलं एकमेव डेंटल स्कूलही तिथेच आहे. मास्टर्समध्ये बी-सी आले तर मात्र केस आणखी अवघड होते, हे तिला आधीच माहीत असू द्या.

डॅट, म्हणजे डेंटलची प्रवेश परीक्षा, घाईत देऊ देऊ नका. मार्च २०२५ पासून स्कोअर २०० ते ६०० मध्ये येतो, त्यामुळे नात्यातल्या कुणाला जुन्या पद्धतीत २१ आले होते वगैरे तुलना आता सोडा. जीपीए कमी असताना हा स्कोअरच तिची बाजू मांडणार आहे, तीन-चार महिने नीट द्या त्याला.

पुण्याचं म्हणाल तर मॅनेजमेंट किंवा एनआरआय सीटलाही नीट ही प्रवेश परीक्षा लागतेच. चार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, आणि अमेरिकेत परत यायचं तर आयएनबीडीई ही तिथली डेंटल बोर्डाची परीक्षा देऊन अॅडव्हान्स्ड स्टँडिंगला, म्हणजे बाहेर शिकलेल्या डेंटिस्टसाठीच्या कोर्सला, पुन्हा साधारण दोन-तीन वर्षं, आणि तिथे सीट्स कमी आणि जगभरचे डेंटिस्ट रांगेत. तिला भारतातच प्रॅक्टिस करायची असेल तर जरूर विचार करा, शॉर्टकट म्हणून नको.

आणि हो, ती लग्नांत मेंदी काढते हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते फॉर्ममध्ये नक्की यायला हवं, हातातली सफाई ही कॉलेजं खरंच बघतात. जवळच्या डेंटिस्टकडे शॅडोइंग, म्हणजे सोबत राहून काम बघणं, आत्तापासून सुरू करा, १०० तास तरी व्हावेत, एकाच ठिकाणी नको. बाबांच्या आजारपणाबद्दल दोन-तीन ओळी पुरेत, कुठल्या सेमिस्टरला काय झालं आणि नंतर ती कशी सावरली एवढंच.

पुढचं पत्र मात्र तिला स्वतः लिहू दे, सोबत पूर्ण ट्रान्सक्रिप्ट पाठवायला सांगा, मग कुठला विषय कुठल्या सेमला घ्यायचा ते मी तिच्याशीच बोलून ठरवतो.