मिक्स नट्सच्या डब्यातले 'रॉ' काजू विषारी असतात का? आणि कडू बदाम?

काजू बिनधास्त खा. 'रॉ' लिहिलेले असले तरी ते पूर्ण कच्चे नसतात. कारखान्यात बी आधी वाफवतात किंवा भाजतात, मगच फोडतात. विष गरात नाही, टरफलात असतं. टरफलाच्या थरांमधल्या काळपट चिकात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं. ते कातडीला लागलं की फोड येतात, साल निघते. आमच्या गोव्यात शिगम्याच्या सुमारास म्हापशाच्या बाजारात ओले काजूगर येतात, तेव्हा ते सोलणाऱ्या बायकांची बोटं बघा, म्हणजे त्यांचा वाटा महाग वाटणार नाही. घरी बिया भाजायच्या तर उघड्यावर आणि वाऱ्याची दिशा बघून, कारण धूरही झोंबतो. आंबा आणि बिब्बा याच कुळातले, त्यामुळे आंब्याचा चीक उततो त्यांनी ओल्या बियांपासून लांबच राहावं.

कडू बदामाची गोष्ट वेगळी. त्यात अमिग्डालिन असतं, चावल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. डब्यात एखादा कडू लागला तर थुंकून टाका, घाबरू नका. पण खास कडू बदाम मूठभर खाणं जिवावर बेतू शकतं, पोरांच्या तर नक्कीच.

अक्रोड डब्यात शेवटी उरतात, ते विषामुळे नव्हे, चवीमुळे!

मला खरी काळजी वाटते ती शेंगदाण्यांची. आपल्या पावसाळी दमट हवेत त्यांना बुरशी धरते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं आणि ते भाजून पुरतं जात नाही. खवट, काळे, सुरकुतलेले दाणे चटणीत ढकलू नका, सरळ फेकून द्या.