वाचकांचे प्रश्न: टर्मिनलवर चालतं, ब्राउझरमधून अडतं

(जागेअभावी कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना नेहमीप्रमाणे रोमन अक्षरं आणि आकडे वापरा.)

प्रश्न: कळमना मार्केटात आमची संत्र्यांची आडत आहे. काट्यावरचं वजन यूएसबी-सिरियल केबलने उबुंटूच्या कॉम्प्युटरवर येतं. वजन वाचणारी शेल स्क्रिप्ट टर्मिनलवर बरोबर आकडा देते. तीच पीएचपीच्या एक्झेक फंक्शनने अपाचेतून (वेब सर्व्हरमधून) चालवली की पान कोरं. स्क्रिप्टला ७७७ (सगळ्यांना सगळे हक्क) दिलं, तरी तेच.
– एक आडते, नागपूर

उत्तर: टर्मिनलवर स्क्रिप्ट तुम्ही चालवता, ब्राउझरमधून ती चालवतो 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' नावाचा युजर. त्याच्याकडे तुमचे हक्क नाहीत.

पान कोरं येतं कारण एक्झेक फक्त नेहमीचं आउटपुट गोळा करतं, एरर मेसेज त्यात येत नाही. कमांडच्या शेवटी २>&१ जोडा आणि एक्झेकला तिसरं व्हेरिएबल देऊन एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा) छापा. १२७ आला तर प्रोग्रॅम सापडलाच नाही, म्हणजे पूर्ण पाथ लिहा. १२६ आला तर सापडला, पण चालवू दिला नाही.

मग दुसऱ्या युजरच्या हक्कांनी कमांड चालवणारा 'सुडो' वापरून त्याच वेब युजरच्या नावाने तपासा: 'सुडो -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' आणि पुढे स्क्रिप्टचा पूर्ण पाथ. स्क्रिप्ट तुमच्या होम फोल्डरमध्ये असेल तर इथेच 'परमिशन डिनाइड' येईल. उबुंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५० हक्कांनी बनतं, त्यामुळे बाहेरच्या युजरला आत शिरताच येत नाही. फाइलला ७७७ देऊन उपयोग का झाला नाही, ते यातच आलं. 'नेमआय -एल' पुढे पाथ दिला की रस्त्यातल्या प्रत्येक फोल्डरचे हक्क एकाखाली एक दिसतात. कुठे अडलंय ते लगेच कळतं. होम फोल्डर सगळ्यांना उघडून देऊ नका. स्क्रिप्ट /यूएसआर/लोकल/बिन मध्ये हलवा, मालक रूट (सिस्टिमचा मुख्य युजर) आणि हक्क ७५५ (लिहिणं फक्त मालकाला, वाचणं-चालवणं सगळ्यांना) ठेवा. ७७७ ठेवलं तर कॉम्प्युटरवरचा कोणताही प्रोग्रॅम तिच्यात काहीही लिहू शकतो.

आता काट्याचा पोर्ट. /डेव्ह/टीटीवाययूएसबी० चा मालक रूट, ग्रुप 'डायलआउट', हक्क ६६०. तुमचं लॉगिन त्या ग्रुपमध्ये असणार, म्हणून तुम्हाला वजन दिसतं. वेब युजरलाही त्यात घाला: 'सुडो युजरमॉड -एजी डायलआउट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'. यात ए लहान, जी मोठा. ए विसरलात तर त्या युजरचे बाकीचे जादा ग्रुप जातात.

पुढची गंमत बऱ्याच जणांना चकवते. ग्रुप दिल्यावर सुडोने तपासलं तर आकडा येतो, ब्राउझरमध्ये मात्र अजून एरर. सुडो नवे ग्रुप वाचून सुरू होतं. आधीपासून चालू असलेल्या सर्व्हरकडे जुनेच ग्रुप असतात. अपाचे रीस्टार्ट करा. पीएचपी एफपीएमवर, म्हणजे अपाचेबाहेर वेगळी सर्व्हिस म्हणून चालत असेल तर नुसता अपाचे पुरणार नाही, एफपीएमची सर्व्हिसही रीस्टार्ट करा.

प्रश्न: ऑफिसच्या वेब पानावरच्या बटणाने प्रिंटर सर्व्हिस रीस्टार्ट करायची आहे. सुडो पासवर्डसाठी अडतो. वेब युजरला सगळं सुडो देऊ का?
– हिंगणा एमआयडीसीतील वाचक

उत्तर: मुळीच नको. रीस्टार्टची एक ओळ असलेली स्क्रिप्ट /यूएसआर/लोकल/एसबिन मध्ये ठेवा. मालक रूट, हक्क ७५५. मग 'सुडो व्हिसुडो -एफ' ने /ईटीसी/सुडोअर्स.डी मध्ये नवी फाइल उघडा आणि त्या युजरला फक्त त्या स्क्रिप्टसाठी 'नोपासडब्ल्यूडी' (पासवर्ड न विचारण्याची सूट) द्या. ओळीत स्क्रिप्टच्या पाथनंतर "" ठेवलं की तिला कोणतंही आर्ग्युमेंट देता येत नाही. फाइलच्या नावात टिंब नको, नाहीतर सुडो ती फाइल वाचतच नाही आणि आपण ओळीतली चूक शोधत बसतो. पीएचपीतून 'सुडो -एन' वापरा, म्हणजे पासवर्डची वाट न पाहता सरळ एरर मिळेल.

प्रश्न: अल्मालिनक्सवर मालक, ग्रुप, हक्क सगळं बरोबर आहे. तरी होममधून /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू मध्ये आणलेली फाइल अपाचे वाचत नाही.
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर: अडवतं ते एसईलिनक्स, म्हणजे नेहमीच्या हक्कांखेरीज फाइलवरचं लेबलही तपासणारी सुरक्षा यंत्रणा. 'एमव्ही' ने हलवलेली फाइल होममधलं लेबल सोबत घेऊन येते. 'सीपी' ने कॉपी केली तर नव्या जागेचं लेबल लागतं. 'एलएस -झेड' (झेड मोठा) करून लेबल पाहा आणि 'सुडो रिस्टोरकॉन -आरव्ही /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' चालवा. आर मोठा, व्ही लहान. 'सेटएनफोर्स ०' ने ही अडवणूक थांबवणं निदानापुरतं ठीक, पण दोष सापडला की लगेच परत १ करा.