हळद लाल का होते, ताक का कळकतं?

प्रश्न : पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला. साबण लावताच पिवळा डाग लालभडक झाला. साबणात भेसळ आहे का?

साबण चोख आहे. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं, अल्कलीत तांबडं होतं, आणि धुण्याचा साबण अल्कलीधर्मी असतो. हळदीत चुना कालवून कुंकू करतात ते याच गुणावर. त्या लाल डागावर लिंबू पिळा, तो पुन्हा पिवळा होईल. म्हणजे रंग बदलला, डाग तिथेच आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे नुसतं खळबळून भागत नाही. पण उन्हात ते टिकत नाही. साबणाने धुऊन कपडा ओला असतानाच, डाग वर येईल असा कडक उन्हात वाळत घाला. दोन-तीन उन्हांत डाग फिका पडतो.

प्रश्न : पितळी पातेल्यात ठेवलेलं ताक कळकलं. कल्हई असली की कळकत नाही, ते का?

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ताकातलं लॅक्टिक आम्ल, आमटीतली चिंच किंवा आमसूल धातूवरचा ऑक्साइडचा पातळ थर विरघळवतात. मग तांब्या-जस्ताचे क्षार अन्नात उतरतात. जिभेला लागते ती कळकट चव त्यांचीच. असं ताक ओतूनच द्या, त्याने मळमळ आणि उलट्या होतात. उकळून उपयोग नाही, क्षार वाफेबरोबर उडत नाहीत.

कल्हई म्हणजे कथलाचा थर. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, पितळ ९०० अंशांच्या आसपास. म्हणून भांड्याला धक्का न लागता त्यावर कथील पसरता येतं. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकतो तेव्हा उठणारा पांढरा धूर नीट पाहा. उष्णतेने नवसागर फुटून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतो. हायड्रोजन क्लोराइड काळपट ऑक्साइड काढून टाकतो आणि उघड्या पडलेल्या धातूला कथील धरतं. वर थंड हवेत दोन्ही वायू पुन्हा एकत्र येतात, तोच धूर. भांडं तेलकट राहिलं किंवा नवसागर कमी पडला, तर कथलाचे गोळे होतात, ते पसरत नाही.

कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका. आत पाणी असेतो तळ शंभर अंशांच्या फार वर जात नाही, पण कोरडं भांडं २३२ सहज ओलांडतं आणि कल्हई ओघळते. फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरून घाला. तारेची घासणी नको. आतून पिवळं दिसू लागलं की पुन्हा कल्हई करून घ्या, तोवर त्यात आंबट काही ठेवू नका.

प्रश्न : संडास धुताना ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर टाकली तर जास्त स्वच्छ होईल का?

कधीही टाकू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन सुटतो. हा विषारी वायू हवेच्या सुमारे अडीच पट जड असल्याने बंद संडासात खाली साचतो, म्हणजे वाकून घासणाऱ्याच्या तोंडाशीच. झोंबणारा वास आला तर सगळं तिथेच टाकून बाहेर मोकळ्या हवेत या. खोकला किंवा धाप थांबली नाही तर लगेच डॉक्टरांकडे जा. दोन्ही वापरायचीच असतील तर एक आज भरपूर पाण्याने धुऊन टाका, दुसरं उद्या.