विचारा की! गांधी मैदानाखालचं तळं, पुराच्या रेघा आणि खरी कॉर्नरचा कॅमेरा

(जुन्या कोल्हापूरबद्दल वाचकांनी विचारायचं आणि पाणीपुरवठ्यातल्या एका निवृत्त चावीवाल्यानं सांगायचं, असं हे सदर.)

आम्ही मूळचे शिवाजी पेठेतले, आता पुण्यात असतो. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं तळं, असं वडील सांगायचे. मुलांना सांगितलं तर ती मोबाइलवर नकाशा काढतात आणि हसतात. खरं काय?
— एक वाचक, पुणे

दादा, वडील खरं सांगत होते. तळ्याचं नाव वरुणतीर्थ. जुनी माणसं त्या बाजूला अजून वरुणतीर्थ वेसच म्हणतात. मुलांना नकाशा बघायचा असेल तर बघू दे, तुम्ही त्यांना जुलैत चार दिवसांची झड लागल्यावर मैदानाच्या कडेला आणून उभं करा. एरवी सभांनी गाजणारं मैदान, पण आषाढात तिथं स्टंप रोवायला कोरडी जागा मिळत नाही.

मी चावीवाला होतो, म्हणून मला हे खालून माहीत. आमची चावी म्हणजे छातीपर्यंत येणारी लोखंडी दांडी, वर आडवा हात, खाली चौकोनी तोंड. सायकलला बांधून पहाटे निघायचं, चेंबरचं झाकण उचलायचं, तोंड व्हॉल्व्हच्या खुंटीवर बसवायचं आणि फेरे मोजत सोडायचं. पाइपात पाणी शिरलं की दांडीतून तळहाताला बारीक थरथर लागते. ती लागली की समजायचं, वरच्या गल्लीत कुणीतरी बादली लावली. तर मैदानाकडच्या काही चेंबरमध्ये भर उन्हाळ्यातसुद्धा पाणी साचलेलं असायचं. डबड्यानं उपसल्याशिवाय खुंटी दिसायची नाही. साहेब म्हणायचे गळती आहे, शोधा. खणून बघितलं तर पाइप ठणठणीत आणि भोवती काळाकुट्ट चिखल, हात घातला की कोपरापर्यंत जाणारा. मुरुमाच्या गावात असला चिखल उगाच येत नाही.

आणि एकटं वरुणतीर्थच नव्हे. कपिलतीर्थ मंडईत आपण मेथीच्या जुडीवरून घासाघीस करतो, तिथं कपिलतीर्थ होतं. त्याच्या काठचा कपिलेश्वर, आपलं ग्रामदैवत, आजही भाजीच्या गर्दीतच बसलाय. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाचा फुटबॉल सामना रंगतो, तिथं रावणेश्वराचं तळं होतं. देऊळ बाजूला आहेच. उघडी राहिली ती रंकाळा आणि कोटितीर्थ. रंकाळा तर मूळचा दगडाची खाण, असं सगळे सांगतात.

का बुजवली, हेही तुम्ही पुढे विचाराल. माझ्या मते कारण कळंबा तलाव. संस्थानकाळात कळंब्याचं पाणी उतारानं गावात आलं. नळ दारात आल्यावर घागर घेऊन तळ्यावर कोण जातंय? बायका जायच्या थांबल्या तसा गाळ काढायचाही थांबला. मग डास, मग ओरड, मग भराव. म्हणजे तळी संपवण्यात आमच्या खात्याचा हात आहेच म्हणा, पण तो आमच्या आजोबा-पणजोबांच्या वेळचा.

माझं माहेर शुक्रवार पेठेत. सध्या मुलाकडे आले आहे, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलला. अपॅलाचियन डोंगरातलं लहानसं शहर, मधून फ्रेंच ब्रॉड नदी. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळानं इथे महापूर आला. शेजारच्या आजी त्याची १९१६ च्या पुराशी तुलना करतात, जणू कालच झाला. आपल्या पुराच्या आठवणी असं कोण सांभाळतं?
— एक माहेरवाशीण

ताई, तुमचं पत्र मी परत परत वाचलं. हेलीनबद्दल आमच्याकडच्या पोरांनी मोबाइलवर दाखवलं होतं, पण मला त्यातलं एकच डोक्यात राहिलं. त्या गावाला धरणातून पाणी आणणारे मोठे पाइपच वाहून गेले आणि धरणातलं पाणी इतकं गढूळ झालं, की नळाला पिण्याजोगं पाणी यायला सात आठवड्यांहून जास्त लागले. घरं पडल्याचं बघून माणूस हळहळतो, पण सात आठवडे कोरडा नळ म्हणजे काय, ते आमच्या धंद्यातल्याला विचारा. त्या गावातसुद्धा कुणीतरी चावीवाला असणारच, आणि लोकांनी त्याला रस्त्यात अडवून ‘पाणी कधी सुटणार?’ विचारलं असणार.

आपल्याकडे २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेच झालं. पंचगंगा घरात आणि नळ कोरडा. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी, सगळी उपसा केंद्रं पुराखाली गेली, मोटारी बुडाल्या, पाणी ओढणार कशानं? शिरोलीला हायवे बंद, दूध-भाजीच्या गाड्या पलीकडं अडकलेल्या, आणि गावात टँकरमागं कळशांची रांग. आता काळम्मावाडी धरणाची थेट पाइपलाइन आहे. २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर ते पाणी गावात पोचलं तेव्हा लोक पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रावर बघायला गेले होते. पाणी बघायला!

तुमच्या शेजारच्या आजी १९१६ सांगतात, तो जुलैचा पूर. एकामागोमाग दोन वादळं आली, पहिल्यानं डोंगर भिजवून ठेवले आणि दुसऱ्याचं पाणी मुरायला जागाच उरली नाही. आपली गत तीच. दाजीपूर, गगनबावड्याला आठवडाभर कोसळतं तेव्हा आपण नुसते ढग बघत असतो. मग राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात. सात आहेत. कुणी बटण दाबत नाही, पाण्याची पातळी वर गेली की आपोआप उचलले जातात. त्या दिवसापासून गावात चहाच्या गाड्यावर दुसरा विषय नसतो. किती उघडले? पाच? मग उद्या बघा.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. पण खरा पूर आपण फुटांत मोजतच नाही. सुतारवाड्यात शिरलं का? जामदार क्लबला लागलं का? गायकवाड वाडा ओलांडला का? असं विचारलं की माणूस आपल्या घराचा अंदाज बांधतो. २०१९ ला व्हीनस कॉर्नरला होड्या चालल्या. १९८९ बघितलेली म्हातारीकोतारी तोवर आम्हाला गप्प करायची, ‘तुम्ही काय बघितलाय पूर!’ म्हणून. त्यानंतर त्यांचा आवाज जरा खाली आला.

शुक्रवार पेठेत माझ्या ओळखीच्या एका घरात सोप्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं मारलेल्या रेघा आहेत. २००५, २०१९, २०२१. शेजारी त्याच रंगानं नातवंडांच्या उंचीच्या खुणा. मध्ये घर रंगवायला काढलं तेव्हा रंगाऱ्याला घरच्या काकूंनी बजावलं, की तेवढी पट्टी सोडून बाकी काय वाटेल ते कर. तुमच्या माहेरी असं काही असेल तर भावाला फोटो काढून ठेवायला सांगा. नसेल तर पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते आईला विचारून वहीत लिहा. विचारायचं ते लवकर विचारा.

एक राहिलं. पुराला आपण नुसते घाबरत नाही. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी चढत चढत दत्ताच्या पादुकांवरून उत्तरेकडून दक्षिणेला वाहायला लागलं, की दक्षिणद्वार सोहळा. ऐन पुरात माणसं स्नानाला गर्दी करतात. हे ॲशव्हिलच्या आजींना सांगा, त्या काय म्हणतात ते मला कळवा.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारते. खरी कॉर्नरला दगडी चौथऱ्यावर कॅमेरा का आहे? कुणी फोटोग्राफर होता का?
— एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

पोरी, फोटोग्राफर नव्हे, बाबूराव पेंटर. आडनाव मेस्त्री, जन्म १८९० चा, घरात सुतारकाम आणि चित्रकला. ते आणि त्यांचे आतेमामेभाऊ आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचे. पुढे सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा विकत घ्यायला पैसे कुठले, म्हणून स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ ला वारले. मग बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला. लेथवर सुटे भाग घासून कॅमेरा करायचा, ही कोल्हापुरी खोडच. पुढे उद्यमनगरात इंजिनांचे भाग झाले ते त्याच हातांनी.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या भांडवलाला हातभार लावला तानीबाई कागलकर या गायिकेनं, हे प्रोजेक्टमध्ये ठळक लिही, बऱ्याच जणांचं राहून जातं. १९२० ला तिचा ‘सैरंध्री’ सिनेमा आला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमाकेसरी’ म्हटलं. त्याच कंपनीत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम या मंडळींनी १९२९ ला इथंच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ ला प्रभात पुण्याला गेली. आमच्या पेठेत त्याचा राग अजून आहे, पण तो प्रोजेक्टमध्ये लिहू नकोस.

राजारामपुरीच्या गल्ल्यांना नावं नाहीत, नुसते नंबर. असं का?
— एक नवीन भाडेकरू

कारण ती आधी कागदावर आखली आणि मग बांधली. मधून मोठा रस्ता, दोन्ही अंगांना गल्ल्या, नंबर टाकून मोकळे. पेठा आपोआप वाढल्या, तिथं तालमीवरून पत्ता सांगतात. शाहूपुरीही आखूनच वसवली, १८९५ ला, गुळाच्या बाजारासाठी. पाणी सोडणाऱ्याला विचाराल तर राजारामपुरीसारखा सोपा भाग नाही. सरळ गल्ली, सरळ पाइप.

केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा मी परगावी होते. वडिलांबरोबर तिथं पहिलं नाटक पाहिलं होतं. त्याला जुने लोक पॅलेस थिएटर म्हणतात ते का? आणि खासबाग त्याला चिकटून कशी?
— एक वाचक, सांगली

ताई, शाहू महाराजांनी बांधलं तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर, १९१५ सालचं. केशवराव भोसले इथलेच, ललितकलादर्श नाटक मंडळीचे, आणि ऐन तिशीत, १९२१ ला गेले. पुढे थिएटरला त्यांचं नाव लागलं.

महाराज १९०२ ला विलायतेला गेले, येताना रोमचं जुनं क्रीडागार बघितलं आणि इथं खासबागेत कुस्तीचं मैदान उभं केलं. मधे कुस्तीचा मातीचा हौदा, भोवती चढत गेलेली बैठक. शेवटच्या रांगेतल्या गड्यालाही पैलवानाची पकड दिसते. नाटकाची पाठ आणि कुस्तीचं तोंड एकाच भिंतीला. एकीकडं नाट्यगीत, दुसरीकडं हलगी. हे एका राजाला एकाच जागी सुचलं, यातच मला सगळं कोल्हापूर दिसतं. वरून हल्ली कोण म्हणतं, कला वेगळी आणि ताकद वेगळी!

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी गर्दीत उभा होतो. बंबामागून बंब येत होते, टँकर रिकामे होऊन परत भरायला पळत होते. माझी नजर सवयीनं पाण्याकडंच. शेजारी एक नाटकवाला, पडद्यामागं काम करणारा, आतल्या वस्तूंची नावं एकेक घेत होता, हार्मोनियम कुठं असायचं, मेकअपची खोली कुठली. लाकडी छत कोसळलं तेव्हा तो गप्प झाला. दर्शनी दगडी भाग टिकला. पुन्हा बांधायचं काम हाती घेतलंय. तुमचं पहिलं नाटक कुठलं आणि कितव्या रांगेतून पाहिलं ते लिहून पाठवा, पुढच्या अंकात छापू.

नागपूरहून पहिल्यांदा येतोय. म्हशीचं ताजं दूध रस्त्यावर खरंच मिळतं की ते फक्त व्हिडिओत?
— एक खवय्या

मिळतं. गंगावेशीत दूध कट्ट्यावर संध्याकाळी जा. म्हैस उभी असते, समोर धार काढतात आणि फेस आलेला ग्लास गरम गरमच हातात देतात. आधी तांबड्या-पांढऱ्या रश्शावर आडवा हात मारून जाऊ नका, झेपायचं नाही. आणि म्हशीच्या मागच्या बाजूला उभं राहून फोटो काढू नका, मालक ओरडतो ते तुमच्याच भल्यासाठी.