वाचक विचारतात : करनालचं ३४ आणि कोल्हापूरचं ३४

प्रश्न : माझी मुलगी डेअरीच्या पुढच्या शिक्षणासाठी हरियाणात करनालला निघालीय, एनडीआरआयला (राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था). मिरजेहून गोवा एक्सप्रेसचं तिकीट काढलंय, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातलं. मोबाईलवर तिथला अंदाज बघितला तर दहाही दिवस कमाल ३३-३४, किमान २६ आणि रोज ढगाचं न् विजेचं चित्र. आपल्याकडं एप्रिलात ३८ होतं तरी आपण राहतोच की, मग खाली ‘फील्स लाईक ४३’ का लिहितात? तिची मावशी म्हणतेय कूलर घेऊन द्या. आणि स्वेटर आत्ताच द्यावा का?
— एक आई, कसबा बावडा

उत्तर : ताई, पहिलं सांगतो, कूलर आत्ता घेऊ नका. मी नोकरीनिमित्त त्या भागात चार पावसाळे काढलेत आणि पहिल्याच ऑगस्टला ही चूक केलीय. कूलर ओल्या जाळीतून हवा ओढतो, त्यातलं पाणी उडून जाताना हवा गार होते, म्हणजे मुळात हवा कोरडी पाहिजे. मे महिन्यात तिथं लू (कोरडं, भाजणारं वारं) चालते तेव्हा तोच कूलर देवासारखा वाटतो, पण ऑगस्टमध्ये हवेत आधीच इतकी वाफ असते की जाळीतलं पाणी उडतच नाही, उलट खोलीत दमटपणा वाढतो. रात्री झोपायला गेलं की चादर हाताला ओलसर लागायची, उशीला वास यायचा, आणि घरून नेलेल्या भडंगाचा डबा जरा उघडा राहिला की पंधरा मिनिटांत भडंग मऊ. शेवटी कूलर बंद करून खिडकी उघडली, पंखा फुल केला, तेव्हा कुठं डोळा लागला. शिवाय कूलरच्या टाकीत पाणी साचून राहिलं की डेंग्यूचे डास होतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्याचाच सीझन. त्यामुळं चांगला पंखा आणि मच्छरदाणी एवढं बघा.

आता ३४ चं. अंदाजातलं तापमान हे सावलीतलं, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचं असतं, त्यात दमटपणा धरलेला नसतो. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ च्या आसपास असतं. कोल्हापुरात ऑगस्टमध्ये हवा २५-२६ ची, म्हणजे अंगातली उष्णता घाम न येताही हवेत जाते, त्यात गगनबावड्याकडनं वारं सुटलेलं असतं, म्हणून आर्द्रता ९० टक्के दाखवत असली तरी आपल्याला गार वाटतं. करनालला हवाच ३४ ची, कातडीएवढी, मग अंगातली उष्णता जायला घाम हा एकच रस्ता उरतो, आणि दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, नुसता निथळत राहतो. ३४ ला आर्द्रता ६० टक्के असली तर अंगाला ४२ च्या आसपास जाणवतं, तुम्ही बघितलेलं ‘फील्स लाईक’ म्हणजे हेच. आपल्या एप्रिलातल्या ३८ ला दुपारची हवा कोरडी असते, घाम लगेच उडतो, आणि संध्याकाळी वारं सुटलं की रंकाळ्यावर माणूस बसू शकतो.

माझं म्हणणं एवढंच की तिथला आकडा कोल्हापुरी अंगानं वाचू नका, आणि कमाल तापमानाआधी किमान बघायला शिका. किमान २६ याचा अर्थ पहाटे चार-पाचलासुद्धा २६, म्हणजे रात्रभर शरीराला विसावाच नाही. आपल्याकडं या दिवसांत पहाटे २१ च्या आसपास असतं आणि आपण चादर ओढून झोपतो. पोरगी पहिले आठ-दहा दिवस फोनवर झोप होत नाही, डोकं दुखतंय म्हणेल, लगेच घाबरू नका, हवा अंगवळणी पडायला तेवढे दिवस लागतातच. पाणी तहानेची वाट न बघता प्यायचं, ताकात मीठ घालून प्यायचं (डेअरीचं गाव, ताक-लस्सीला तोटा नाही), दुपारी बारा ते चार उन्हातनं पायपीट टाळायची. मात्र चक्कर, उलटी, बरळल्यासारखं बोलणं असं काही झालं तर खोलीवर पडून न राहता सरळ दवाखाना. कपडे सुती आणि सैल द्या, जीन्स दोनच पुरे, कारण धुतलेली जीन्स तिथं दोन-दोन दिवस वाळत नाही.

रोजच्या ढग-विजेच्या चित्राचं काय, तर आपल्यासारखी आठवडाभर झड तिथं क्वचित लागते. मान्सूनचा जो कमी दाबाचा पट्टा असतो, राजस्थानातल्या गंगानगर-बिकानेरकडनं बंगालच्या उपसागरापर्यंत, तो कधी खाली सरकतो कधी वर. करनालच्या जवळ आला की दोन तासांत धो-धो, रस्त्यात गुडघाभर पाणी, आणि पार हिमालयाच्या पायथ्याला गेला की तिकडं डोंगरात मुसळधार आणि मैदानात तीन-चार दिवस कडक ऊन, तेच सगळ्यात घुसमटीचे. अॅपवाल्याला दहाव्या दिवशी काय होईल ते नक्की ठाऊक नसतं, पावसाची जराशी शक्यता दिसली तरी विजेचं चित्र लागतं. तीन दिवसांपर्यंतचं धरा, त्यापुढचं नुसता कल म्हणून बघा.

यमुनेचं पण सांगून ठेवतो, कारण पुराचं भय काय असतं ते बावड्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, आपण २०१९ आणि २०२१ दोन्ही बघितलेत. जिल्ह्याच्या पूर्व कडेला यमुना आहे आणि वरच्या अंगाला हथनीकुंड बॅरेज. आपण पावसाळ्यात जसं राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, आणि राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले ते विचारतो, तसं तिथले लोक हथनीकुंडचा विसर्ग विचारतात. राधानगरीच्या एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक सुटतं, आणि जुलै २०२३ मध्ये हथनीकुंडातून साडेतीन लाख क्युसेकच्या वर सुटलं होतं, दोन दिवसांनी दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली. पोरगी शहरात राहणार, त्यामुळं काळजीचं तसं कारण नाही, फक्त बातमीत हथनीकुंड ऐकलं तर सुट्टीच्या दिवशी नदीकाठी फिरायला जाऊ नको एवढं सांगा.

आणि हे कधी संपणार? पश्चिम राजस्थानातून मान्सून परतायची सरासरी तारीख १७ सप्टेंबर (२०२० च्या आधी १ सप्टेंबर धरायचे, ती बदलली). दिल्लीची २५ सप्टेंबर. करनाल दिल्लीच्या उत्तरेला सव्वाशे किलोमीटरवर, म्हणजे त्याच सुमाराला. मजा बघा, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातसुद्धा अंदाजात कमाल ३३-३४ च दिसेल, पण हवा कोरडी झालेली असेल आणि किमान २० च्या आसपास उतरलेलं असेल, मग पोरगी फोनवर म्हणेल आता छान वाटतंय. त्यानंतर भाताची काढणी होते, काही शेतकरी पराली (शेतात उरलेली भाताची धसकटं-पेंढा) जाळतात आणि दिवाळीच्या आगेमागे धुराचे दिवस येतात, तिला दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून औषध आत्ताच बॅगेत ठेवा. स्वेटर एक पातळसा द्या, बाकी नको. खरी थंडी डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा धुकं इतकं की दुपारीसुद्धा सूर्य दिसत नाही, आणि आपला कोल्हापुरी स्वेटर तिथं पुरत नाही. १७६१ मुळं आपल्याला माहीत असलेलं पानिपत करनालपासून जेमतेम ३५ किलोमीटरवर आहे, आणि ते आज ब्लँकेट-रजयांचं गाव आहे, तिथनंच घेऊ दे.

प्रश्न : अंदाजात ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ म्हणतात आणि आमच्या गल्लीत थेंब नसतो, मग यलो अलर्ट कशाला?
— राजारामपुरी

उत्तर : ‘तुरळक ठिकाणी’ हा मोजून-मापून वापरलेला शब्द आहे. त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, असा त्याचा अर्थ. म्हणजे तीन-चतुर्थांश ठिकाणी कोरडं राहिलं तरी अंदाज बरोबरच. आणि मुसळधार म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असं मोजून. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हालचाल करा. गगनबावड्यात कोसळलं आणि राजारामपुरीत ऊन पडलं तरी दुसऱ्या दिवशी पंचगंगा चढतेच, म्हणून अलर्ट जिल्ह्याला असतो.

प्रश्न : राजस्थानातून मान्सून माघारी फिरला अशी बातमी आली की आम्ही उघडीप धरायची का? सोयाबीन काढणीला आलंय.
— एक शेतकरी, शिरोळ तालुका

उत्तर : नाही दादा, उलट तेव्हाच सावध राहायचं. १७ सप्टेंबरला तिकडं सुरुवात झाली तरी मुंबईची सरासरी तारीखच ८ ऑक्टोबर आहे, म्हणजे आपल्याकडं यायला तीन आठवडे सहज जातात, आणि नेमकी त्याच काळात सोयाबीनची काढणी. परतीचा पाऊस सकाळी चकवतो, अकरापर्यंत लख्ख ऊन असतं, मग दुपारी अंगाची काहिली, तीन-चारला ढग चढतात आणि विजेसकट तासभर झोडपून जातात. तेव्हा कापणी सकाळी धरा, दुपारी दोनपर्यंत गंजी लावून ताडपत्री पक्की बांधा, रानात पसरून घरी जाऊ नका. हवामान खात्याचा तीन तासांचा ‘नाउकास्ट’ येतो तो जेवायच्या वेळी एकदा बघा, आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अॅप फोनमध्ये ठेवा, त्यात २० ते ४० किलोमीटरच्या परिघातली वीज कळते. इशारा आला की झाडाखाली थांबू नका, मळणी मशीनपासून लांब व्हा, बायामाणसांना आधी घराकडं पाठवा. ताडपत्रीवर साचलेलं पाणी काठीनं ढकलून काढायचं काम पाऊस आणि विजा थांबल्यावर, आणि पाणी काढलं की कडेनं थोडी हवा खेळू द्या, नाहीतर खालच्या शेंगा घाम येऊन काळ्या पडतात.